युरियाच्या गोणीतला नत्र नेमका जातो कुठे?

एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: हवेत ७८ टक्के नायट्रोजन असताना पिकाला नत्र, म्हणजे तोच नायट्रोजन, विकत घेऊन का घालावा लागतो? त्यांची जमीन भारी काळी, पिके सोयाबीन, हरभरा आणि थोडा सुरू (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेला) ऊस. युरिया दिल्यावर आठवडाभर हिरवेगार दिसणारे पीक पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पिवळे का पडते? आणि सोयाबीन स्वतःच नत्र तयार करते म्हणतात, मग तिला युरिया द्यायचा की नाही?

स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत टाकला की तो तिथेच अडकून बसतो, पालाश (पोटॅश) चिकणमातीला चिकटतो. नत्राचे तसे नाही. तो सतत रूप बदलतो, आणि प्रत्येक रूपाची पळवाट वेगळी असते. त्यामुळे ‘एकरी किती गोण्या टाकल्या’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. टाकला त्या दिवशी जमिनीत वाफसा (ओलही आणि हवाही) होता की पाणी साचले होते, खत मातीआड झाले की वरच राहिले, आणि जिवाणूंना खायला कर्ब (कार्बन) किती होता, यावर त्या गोणीतला किती नत्र पिकाच्या पोटात जाणार ते ठरते.

आधी हवेचा हिशेब. एक एकर रानाच्या डोक्यावरच्या हवेत सुमारे ३१ हजार टन नायट्रोजन असतो. पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की कोणत्याही वनस्पतीला ते स्वतःहून फोडता येत नाहीत. तो बंध फोडण्याचे तीनच मार्ग आहेत. पहिला वीज कडाडणे. यातून पावसाबरोबर एकरी फार तर किलो-दोन किलो नत्र येतो. दुसरा कारखाना. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया तयार करून दाखवला, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे त्याचा कारखाना चालू केला. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात आजही तेच चालते: नैसर्गिक वायूतून हायड्रोजन, हवेतून नायट्रोजन, चार-पाचशे अंश तापमान, वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब आणि लोहाचा उत्प्रेरक. तिसरा मार्ग जिवाणूंचा. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, निळे-हिरवे शेवाळ यांच्याकडे नायट्रोजनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते हेच काम शेतातल्या तापमानाला करते. फुकट मात्र करत नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे ऊर्जेची किमान १६ चलनी नाणी, म्हणजे एटीपीचे रेणू, खर्च होतात. ही ऊर्जा कोणीतरी साखरेच्या रूपात पुरवावी लागते. शेंगवर्गीय पीक ती गाठीतल्या जिवाणूंना थेट पुरवते, म्हणून तिथे नत्र भरपूर स्थिर होतो. मातीत मोकळ्या फिरणाऱ्या ॲझोटोबॅक्टरला कर्बच मिळत नसेल, तर जिवाणूखताचे पाकीट टाकून फारसे काही होत नाही. सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के असलेल्या रानात जिवाणूखताचा गुण येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते.

आता जमिनीतला साठा. वरच्या १५ सेंटिमीटर थरात एकरी साडेआठ-नऊ लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के धरला तर कर्ब झाला साधारण ४,४०० किलो. ह्यूमसमध्ये, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात, कर्ब आणि नत्राचे प्रमाण ११ ला १ च्या आसपास असते, म्हणजे एकरी सुमारे ४०० किलो नत्र तुमच्याच मातीत आहे. पण तो प्रथिने आणि ह्यूमसमध्ये कोंडलेला. वर्षाला त्यातला दोन-तीन टक्केच सुटा होतो, म्हणजे ८ ते १२ किलो. कर्ब १ टक्क्यावर नेला की हाच आकडा दुप्पट होतो. त्यासाठी वेगळे खत टाकावे लागत नाही, पण वेळ मात्र काही वर्षांचा लागतो.

हा साठा वर्षभर सारखा सुटत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात माती कोरडी ठणठणीत होते, त्यात बरेच जिवाणू मरतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की उरलेले जिवाणू या मेलेल्यांवर आणि उन्हाने सुट्या झालेल्या सेंद्रिय पदार्थांवर तुटून पडतात आणि आठ-दहा दिवसांत मातीत नायट्रेटची, म्हणजे पिकाला लगेच घेता येणाऱ्या नत्राची, लाट येते. बर्च या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत हे मोजून दाखवले, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. ‘विजांचा पाऊस झाला की रान हिरवे होते’ असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे आहे, पण श्रेय विजेचे कमी आणि या लाटेचे जास्त. वेळेवर पेरलेल्या पिकाला ही लाट सापडते. पेरणी लांबली की ती तण खाते, नाहीतर पुढच्या मोठ्या पावसात धुऊन जाते.

युरियाच्या एका ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतो. गोणी फोडल्यापासून पुढे काय होते ते क्रमाने पाहू.

युरियाचा दाणा ओल्या मातीवर पडला की विरघळतो. या अवस्थेत त्याच्यावर कोणताही विद्युत भार नसतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही; पाणी जाईल तिकडे तो जातो. युरिया फेकून लगेच मोकळे पाणी सोडलेल्या उसाच्या सऱ्या पाहा: पाटाकडचा ऊस फिकट आणि सरीच्या शेपटाला गर्द हिरवा. खत पाण्याबरोबर वाहून शेवटाला गोळा झालेले असते. ठिबकमध्येही हेच होते. तीन तासांच्या पाळीत पहिल्या पंधरा मिनिटांत युरिया सोडला तर उरलेले पाणी त्याला मुळांच्या खाली ढकलते. खत पाळीच्या मधल्या-शेवटच्या टप्प्यात द्यावे आणि नळ्या धुण्यापुरते पंधरा-वीस मिनिटे साधे पाणी चालवावे.

दोन ते चार दिवसांत, थंडीत आठवडाभरात, मातीतले युरिएज विकर युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते. या क्रियेत दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच) साडेआठ-नऊपर्यंत चढतो. सामू चढला की अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि दाणा उघड्यावर असेल तर तो सरळ हवेत जातो. आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू मुळातच आठच्या आसपास असतो, त्यामुळे ही गळती इथे जास्त. ओलसर माती, वर फेकलेला युरिया, दुपारचे ऊन, वारा आणि पुढचे चार दिवस पाऊस नाही, असे जमले की गोणीतला २० ते ३० टक्के नत्र, कधी त्याहूनही जास्त, उडून जातो. सकाळच्या दवावर युरिया फेकणे हा यातला सर्वांत वाईट प्रकार आहे: दव दाणा विरघळवते आणि दहा वाजेपर्यंत स्वतः सुकून जाते. उपाय साधा आहे. दाणा पाच-सात सेंटिमीटर मातीआड करा, किंवा दिल्यावर लगेच हलके पाणी द्या. दहा-पंधरा मिलिमीटरचा पाऊसही पुरतो. सुटलेला अमोनिया वर येताना ओल्या चिकणमातीला चिकटतो आणि वाचतो. अमोनियम सल्फेट वापरले की ही भीती नाही असे सांगितले जाते. चुनखडीच्या जमिनीत ते खरे नाही. चुन्याशी क्रिया होऊन तिथेही अमोनियम कार्बोनेट तयार होते आणि वर टाकलेल्या अमोनियम सल्फेटमधूनही अमोनिया उडतो. तेही मातीआडच करावे लागते.

वाचलेला अमोनियम काळ्या मातीत सुरक्षित असतो, कारण त्याचा भार धन आणि मातीचा ऋण. पण हवेशीर वाफशाच्या जमिनीत त्याला फार दिवस राहू दिले जात नाही. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट करतात. खरिपातल्या तापमानाला दोन-तीन आठवड्यांत बहुतेक अमोनियमचे नायट्रेट होऊन जाते. पीक नायट्रेट आवडीने घेते. अडचण अशी की नायट्रेटचा भार ऋण, मातीचाही ऋण, त्यामुळे माती त्याला धरत नाही. हलक्या मुरमाड जमिनीत एक जोराचा पाऊस त्याला मुळांच्या खाली नेतो. भारी जमिनीत तो खाली कमी जातो, पण तिथे दुसरी पळवाट आहे.

ती म्हणजे पाणी साचणे. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की काळ्या रानातली छिद्रे पाण्याने भरतात आणि एक-दोन दिवसांत ऑक्सिजन संपतो. मग स्यूडोमोनाससारखे जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. त्याचे नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी पुन्हा नायट्रोजन वायू होतो. म्हणजे थळला एवढा गॅस जाळून हवेतून काढलेला नत्र महिनाभरात जिथून आला तिथे परत. वाटेत सुटणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. या क्रियेला नायट्रेट, ऑक्सिजनचा अभाव आणि कर्ब असे तिन्ही लागतात. म्हणून भरपूर शेणखत घातलेल्या पण निचरा नसलेल्या रानात ती सर्वांत जोरात चालते.

सुरुवातीच्या ‘पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पिवळे’चे उत्तर बहुतेक इथे आहे. युरियाचे नायट्रेट होण्याची वेळ आणि झड लागण्याची वेळ एकच पडते. यावर आणखी एक गोणी टाकणे हा उपाय नाही, चर काढणे हा आहे. सोयाबीनला रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धत का सांगतात, तर वरंब्यावर मुळांच्या पट्ट्यात हवा टिकते, जादा पाणी सरीतून निघून जाते आणि मूळ व नायट्रेट दोन्ही वाचतात. बीबीएफ यंत्र नसेल तर पेरणीनंतर दर चार-सहा ओळींनंतर डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, जानकुळाला दोरी गुंडाळून सरी काढली तरी बराच फरक पडतो.

२०१५ पासून देशातला सगळा अनुदानित युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. निंबोळीतले घटक नायट्रोसोमोनासला काही काळ मंदावतात, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होणे लांबते. वरून उडणारा अमोनिया त्याने थांबत नाही. ‘लेप आहे, आता फेकला तरी चालतो’ हा समज म्हणूनच महागात पडतो.

पाणी साचणे नुकसानीचेच असते असे नाही. भात त्याच पाण्यात नत्र राखून ठेवतो, फक्त खत ठेवण्याची जागा बदलावी लागते. चिखलणी केलेल्या खाचरात वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी असतो. पाण्यातून येणारा ऑक्सिजन तेवढाच पोचतो. त्याखालचा चिखल निळसर-करडा, ऑक्सिजनविरहित. वर फेकलेल्या युरियाचे वरच्या थरात नायट्रेट होते, ते खालच्या थरात झिरपते आणि तिथे वायू होऊन उडते. शिवाय दुपारी खाचरातले शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकते, पाण्याचा सामू नऊच्या वर जातो आणि अमोनियाही उडतो. सकाळी सातचा आणि दुपारी दोनचा सामू पीएच पट्टीने तपासून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. डॉ. नारायण सावंत यांच्या भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत यावर थेट इलाज आहे. युरिया आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) ६०:४० प्रमाणात मिसळून केलेली २.७ ग्रॅमची ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, लावणीच्याच दिवशी, १५ सेंटिमीटरच्या चौकोनातल्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. चौकोनांमध्ये २५ सेंटिमीटरचा मार्ग सोडल्यामुळे एकरी २५ हजार ब्रिकेट लागतात, म्हणजे साधारण ६८ किलो खत. खालच्या करड्या थरात नायट्रेट करणारे जिवाणू जगत नाहीत, त्यामुळे अमोनियम हा अमोनियमच राहतो आणि भाताची मुळे तो महिना-दोन महिने खात राहतात. बिघडते कुठे? ब्रिकेट खोचलेले भोक चिखलाने बुजवले नाही तर, खाचर आटून भेगा पडल्या तर, किंवा ब्रिकेट दोन-तीन सेंटिमीटरवरच राहिली तर. तिन्ही वेळा हवा आत शिरते आणि सगळा फायदा जातो.

उसाकडे येऊ. सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १०० किलो किंवा २१७ किलो युरिया. तो लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असा द्यायचा: अंदाजे २२, ८७, २२ आणि ८७ किलो. लागणीला एवढा कमी का, तर तेव्हा मूळच नसते. टिपरी (लागणीचा उसाचा तुकडा) पहिले काही आठवडे स्वतःच्या साठ्यावर जगते. तेव्हा टाकलेल्या दोन गोण्या तणाच्या आणि हवेच्या.

खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा वाढणाऱ्या उसात, पाचट (वाळलेली पाने) ठेवले की ‘ऊस पिवळा पडतो’ ही तक्रार हमखास येते, आणि ती खरी असते. एक टन वाळलेल्या पाचटात कर्ब साडेचारशे किलोच्या आसपास आणि नत्र जेमतेम चार-पाच किलो, म्हणजे प्रमाण १०० ला १. जिवाणू-बुरशींच्या अंगात हे प्रमाण ८ ते १५ ला १ असते. पाचट खाताना त्यांना नत्र कमी पडतो आणि तो ते मातीतून उचलतात. पिकापेक्षा त्यांची पोच जास्त. मातीत नत्र असतो, पण सूक्ष्मजीवांच्या अंगात अडकलेला. ढोबळ नियम असा की प्रमाण २५-३० च्या वर असेल तर सूक्ष्मजीव नत्र ओढून घेतात, २० च्या खाली असेल तर सोडतात. फुलोऱ्याआधी गाडलेला ताग-धैंचा लगेच नत्र देतो. गव्हाचे काड, तुरीच्या पळकाट्या, अर्धवट कुजलेले शेणखत आधी घेतात. म्हणून पाचटावर दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणूखत द्यायला सांगतात. आठ किलो युरियात नत्र पावणेचार किलो. तूट पूर्ण भरत नाही, पण सुरुवातीचे सहा-आठ आठवडे निभावतात, आणि ते गेले की हाच अडकलेला नत्र हळूहळू परत सुटू लागतो. उसाचे स्वतःचे खत मात्र पाचटावर फेकायचे नाही. पाचटात युरिएज भरपूर असते आणि माती आड नसते, म्हणजे अमोनिया उडायला मोकळे रान. पहारीने बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, १५-२० सेंटिमीटर खोल, फूटभर अंतराने भोके घ्यायची, खत टाकून बुजवायची. पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत, दुसरी १३५ दिवसांनी. मजुरी लागते, मान्य. पाचट पेटवणे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही: त्यातला जवळजवळ सगळा नत्र धुरातून जातो.

आता सोयाबीन. तिच्या मुळांवरच्या गाठीत ब्रॅडीरायझोबियम जिवाणू नत्र स्थिर करतात, हे खरे. ती जमिनीत नत्र ठेवून जाते, हे मात्र अर्धेच खरे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने, म्हणजे क्विंटलमागे साधारण ६ किलो नत्र. एकरी १० क्विंटल विकले की ६० किलो नत्र बाजारात गेला. गाठी चांगल्या असल्या तरी पिकाच्या गरजेच्या निम्मा-साठ टक्के भाग भरून निघतो, उरलेला जमिनीतून जातो. दाणा विकून वर भुसकटही बाहेर गेले तर हिशेब उणे, नाहीतर फार तर बरोबरीत. तरीही सोयाबीनवरचा हरभरा किंवा गहू चांगला येतो, कारण गळलेला पाला लवकर कुजतो आणि ज्वारीच्या धसकटासारखा नत्र अडकवून ठेवत नाही. म्हणून मळणीचे भुसकट बांधावर कुजत किंवा जळत जाऊ देऊ नका.

युरिया द्यायचा का? पेरणीच्या वेळी एकरी १२ ते २० किलो नत्र द्यावा, आणि तो बहुतेक डीएपी किंवा मिश्रखतातूनच जातो. गाठी काम सुरू करेपर्यंत तीन-चार आठवडे रोपाला तो पुरतो. त्यानंतर फेकलेला युरिया गाठींना मारक ठरतो: मातीत आयते नायट्रेट दिसले की झाड गाठींना साखर पाठवणे कमी करते. पीक आठ दिवस काळेभोर दिसते, माजते, लोळते आणि शेंगा भरायच्या वेळी, जेव्हा नत्राची गरज सर्वांत जास्त, तेव्हा ना गाठी ना युरिया.

बीजप्रक्रियेत घोळ क्रमाचा होतो. आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर पेरणीच्या काही तास आधी रायझोबियम, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट किंवा द्रवरूप असेल तर १०० मिलिलिटर. गुळाचे थंड पाणी बी जेमतेम ओलसर होईल इतकेच, कारण सोयाबीनची साल लगेच सुटते. सावलीत सुकवायचे, उन्हात नाही. पाकिटावर पीक पाहून घ्या: हरभऱ्याचे मेसोरायझोबियम सोयाबीनवर गाठी करत नाही आणि सोयाबीनचे हरभऱ्यावर नाही.

गाठी काम करतात की नाही हे ३०-३५ दिवसांनी पाहता येते. झाड उपटू नका, गाठी मातीत राहतात. फावड्याने ढेकळासह काढा, बादलीत भिजवा, माती आपोआप सुटेल. मुख्य मुळाच्या वरच्या भागात मोहरी-ज्वारीएवढ्या गाठींचा झुबका हवा. नखाने गाठ फोडा. आतून लालसर-गुलाबी असेल तर उत्तम. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. नायट्रोजनेजला मोकळा ऑक्सिजन विषासारखा, पण जिवाणूला श्वासाला तो हवा. लेगहिमोग्लोबिन तो बांधून मोजून पुरवते. आतून पांढरी असेल तर गाठ कोवळी किंवा निकामी, हिरवट-तपकिरी असेल तर संपलेली. पाच-सहा दिवस पाणी साचलेल्या रानात गुलाबी गाठी हिरवट झालेल्या सापडतात.

पिवळेपणा पाहून युरियाची गोणी उचलण्याआधी कोणते पान पिवळे आहे ते पाहा. नत्र झाडात फिरता असतो. कमी पडला की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी आणि सगळी सारखी पिवळी होतात. मक्यात टोकाकडून मधल्या शिरेने उलट्या व्ही आकारात. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात झडीनंतर सोयाबीनला ती सर्रास येते. तिथे युरियाने काही होत नाही. फेरस सल्फेट ०.५ टक्के, म्हणजे १० लिटरला ५० ग्रॅम, त्यात निम्मा चुना किंवा थोडे सायट्रिक ॲसिड घालून फवारा, आणि आधी पाणी काढा. पिवळे-हिरवे चट्टे पानभर विखुरलेले असतील तर पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक. ते झाड उपटून काढणेच बरे.

शेणखताबद्दल थोडे कडू बोलावे लागेल. गाय चाऱ्यातला पाव भागाच्या आसपास नत्र दुधात देते, बाकीचा शेणामुतात, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास मुतात. गोठ्याची फरशी धुऊन मूत नाल्यात सोडले की निम्मा नत्र तिथेच गेला. खताचा ढीग डोळे चुरचुरतील असा वास मारतो तो अमोनियाचा. मूत शोषायला काड किंवा कोरडी माती अंथरा, ढीग ओलसर आणि झाकून ठेवा. एप्रिलमध्ये रानात छोटे छोटे ढीग घालून जूनपर्यंत उन्हात ठेवण्याची पद्धत फार नुकसानीची आहे. पसरल्याच दिवशी मातीत मिसळा. चांगल्या कुजलेल्या टनभर शेणखतात साधारण ५ किलो नत्र, पहिल्या वर्षी त्यातला पाव-तीसेक टक्के मिळतो.

जीवामृतात २०० लिटरमागे १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन आणि २ किलो गूळ. यातल्या नत्राची बेरीज केली तर ती पाव किलोच्या आतच राहते. सूक्ष्मजीवांसाठी ते कोणी वापरत असेल तर वापरावे, पण नत्राचा पुरवठा म्हणून धरू नये. हाच हिशेब नॅनो युरियालाही लावा: ४ टक्के नत्राच्या अर्ध्या लिटर बाटलीत २० ग्रॅम नत्र असतो, गोणीत २०.७ किलो. पान कितीही चांगले शोषून घेवो, २० ग्रॅमचे २० किलो होत नाहीत.

विहिरीचे पाणी मात्र कोणी हिशेबात धरत नाही, आणि तिथे खरी रक्कम असते. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटून अंग निळे पडू शकते, आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. पण हेच ४५ मिलिग्रॅमचे पाणी उसाला दिले तर दर एकर-इंचाला सुमारे १ किलो नत्र जातो. ऊस वर्षभरात ७०-८० इंच पाणी घेत असेल तर ७०-८० किलो नत्र पाण्यातूनच मिळाला. बागायत पट्ट्यात उसाला देण्याचे पाणी तपासणीत असे निघाले तर खताची मात्रा कमी करायला जागा आहे. शेतातून शहरात गेलेला नत्रही असाच पाण्यात येतो: पुण्याच्या ताटातला नत्र मैल्यातून मुळा-मुठा, भीमा असा उजनीत पोचतो आणि तिथे जलपर्णी पोसतो.

शेवटी माती परीक्षणाचा कागद. त्यावर ‘उपलब्ध नत्र’ हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी, ५६० पर्यंत मध्यम असे लिहिलेले असते. हा मातीत तयार असलेला नायट्रेट नव्हे. अल्कधर्मी परमँगनेटने सेंद्रिय नत्रातला जो भाग सुटतो त्याचा तो अंदाज आहे, आणि काही ठिकाणी तोही सेंद्रिय कर्बावरून काढलेला असतो. म्हणून ‘२२० किलो आहे, मग खत कशाला’ अशी वजाबाकी करू नका. त्यापेक्षा सेंद्रिय कर्ब, सामू आणि मुक्त चुनखडी हे तीन आकडे पाहा. सामू ८ च्या वर आणि चुनखडी १० टक्क्यांच्या वर असेल तर त्या रानात युरिया कधीही वर फेकायचा नाही. कर्ब ०.४ च्या खाली असेल तर शिफारशीपेक्षा थोडा जास्त नत्र लागेल, पण तो एका हप्त्यात नको. दोनाचे तीन-चार हप्ते करा. नमुना पिकाच्या काढणीनंतर, खत टाकण्याआधी घ्या, आणि खताच्या ढिगाची जागा, बांध, पाटाची कड टाळा, नाहीतर आकडा रानाचा नाही, उकिरड्याचा येतो.